चर्चमध्ये रडायलाही जागा ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पानावर दोन आठवडे चर्चमधल्या बँडवरून जुंपलीय ती वाचतोय. एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं की ड्रम काय, रंगीत लाइट काय, उड्या काय, उपासनेचा पार डिस्को झालाय. पुढच्या रविवारी एका कॉलेजच्या पोराने उत्तर दिलं की काका तुमच्या चर्चमध्ये लोक जांभया देतात म्हणून आमची पिढी दुसरीकडे जाते. दोन्ही पत्रं वाचून मला हसू आलं, कारण मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये पेटी वाजवतोय, आता ५८ चालू आहे आणि एवढ्या काळात हेच भांडण मी चौथ्यांदा ऐकतोय. आधी तबल्यावरून झालं (तबला म्हणजे तमाशातलं वाद्य, असं आमच्या गावच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचं ठाम मत होतं), मग गिटारवरून, मग टाळ्या वाजवाव्यात का यावरून, आणि आता ड्रम. दरवेळी वाद्य बदलतं, वाक्यं तीच असतात.

माझं म्हणणं या दोघांपेक्षा जरा वेगळं आहे म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, जागा नसली तर मधलं कापा पण शेवटचं कापू नका.

उपासनेत भावना नकोतच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधी सांगतो. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, यरुशलेमात आणताना भर रस्त्यात बेभान होऊन नाचला, आणि त्याची बायको मीखल खिडकीतून ते बघून मनातल्या मनात त्याला तुच्छ लेखू लागली, बायबलमध्ये २ शमुवेलच्या सहाव्या अध्यायात आहे. मीखलला शेवटपर्यंत मूलबाळ झालं नाही असं शास्त्र सांगतं, पण तिचा वंश मात्र आमच्या मंडळ्यांमध्ये चांगलाच वाढलेला दिसतो. आणि १५० वं स्तोत्र उघडा, त्यात रणशिंग आहे, सतार-वीणा आहे, डफ आहे, नाच आहे, झांजा आहेत, त्याही नुसत्या नाही, दणदणाट करणाऱ्या. म्हणजे ड्रमवाल्या पोराला शास्त्राचा आधार पाहिजे असेल तर तो आहे.

पण मीखलला हसलं की विषय संपला असं होत नाही, कारण गाण्याची भीती शहाण्या माणसांनाही वाटलीय. संत ऑगस्टीनचंच बघा. ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या चर्चमध्ये लोक गायचे ते ऐकून हा माणूस घळाघळा रडायचा, आणि ते अश्रू आपल्याला बरे वाटत होते असं त्यानेच लिहून ठेवलंय. पण त्याच आत्मकथनात पुढे तो म्हणतो की कधीकधी गाण्यातल्या अर्थापेक्षा गाण्याच्या आवाजानेच मी जास्त हलतो, तेव्हा मला अपराधी वाटतं आणि गाणं ऐकलंच नसतं तर बरं असंही वाटतं. मग परत म्हणतो की नाही, चर्चमध्ये गाणं पाहिजेच. असा त्याचा शेवटपर्यंत झोका चालू. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण पेटीवर बोटं चालत असताना माझंही तेच होतं. एखादी जागा छान निघाली की क्षणभर देव राहतो बाजूला आणि मनात येतं, वा काय सूर लागला.

झ्युरिचच्या झ्विंग्ली या धर्मसुधारकाने हा झोकाच तोडून टाकला. तो स्वतः कितीतरी वाद्यं वाजवणारा, संगीत म्हणजे जीव की प्राण, आणि त्यानेच चर्चमधलं गाणं बंद केलं, त्याच्या काळात तिथले ऑर्गनसुद्धा निघाले. झ्युरिचच्या चर्चमध्ये गाणं परत यायला १५९८ साल उजाडलं. तिकडे जर्मनीत मार्टिन ल्यूथर बरोब्बर उलट, १५२४ साली लोकांच्या भाषेत गीतांची छोटी पुस्तकं काढून गवंडी, सुतार, बायाबापड्या सगळ्यांना गायला लावणारा. एकाच काळातले दोघे सुधारक, शास्त्रही एकच वाचणारे. आणि कॅथलिक लोकांनी उगाच आम्हा प्रोटेस्टंटांकडे बोट दाखवू नये, १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ड्रम-झांजा असली आवाजी वाद्यं वाजवायची नाहीत असा लेखी हुकूमच काढला होता. साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं की त्या त्या देशाच्या संगीताला उपासनेत मान द्यावा, आणि मग आपल्या वसईत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, मराठीतून सुरू झाली, तबला-पेटी आली. साठ वर्षांत हुकूम असा पालटतो. म्हणून वाद्यावरून भांडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं एवढंच माझं म्हणणं.

आता जरा आतली गोष्ट. आमच्या पिंपरीच्या बँडवाल्या पोरांबरोबर मी बसतो, त्यांना माझ्या पेटीचं कौतुक आणि मला त्यांच्या कीबोर्डचं. त्यांचं तंत्र काय असतं तर गाणं चारच कॉर्डवर फिरत राहतं, सुरुवातीला कीबोर्डवर नुसता एक लांब धरलेला सूर, त्याला ते पॅड म्हणतात, त्यावर वर्शिप लीडर, म्हणजे गाणं पुढे नेणारा, हळू आवाजात दोन वाक्यं बोलतो, मग गिटार, मग ड्रमवाला फक्त किक देतो, ध्रुवपद दोनदा तीनदा चारदा, आणि मग अचानक सगळी वाद्यं बंद, फक्त लोकांचा आवाज उरतो, आणि तो ऐकून लोक स्वतःच गहिवरतात तोवर सगळं एकदम परत येतं आणि पट्टी एक सूर वर. तिथे अंगावर काटा येतो. माझ्याही येतो, ४४ वर्षं वाजवून सगळं कळत असूनसुद्धा येतो.

याला लोक मॅनिप्युलेशन म्हणतात. ठीक आहे, मग भजनात आपण काय करतो? भजनी ठेका संथ सुरू होतो, कडव्यामागून कडवं जातं तशी लय चढते, शेवटच्या गजराला दुगुण लागते म्हणजे लय दुप्पट होते, तबलजी लग्गी लावतो, टाळकरी उभे राहतात, आणि मग एकदम थांबून पहिली ओळ संथ, नुसत्या टाळावर. तंत्र तेच आहे हो! कीर्तनकार बुवांना तर कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा आणि कुठे कथा अर्धी सोडून गजर लावायचा हे सगळं पाठ असतं. माणसाचं मन कसं हलतं हे आपल्या लोकांना इलेक्ट्रिक गिटार यायच्या शेकडो वर्षं आधीपासून माहीत आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांचा श्वास एका लयीत येतो आणि त्यामुळे हृदयाचे ठोकेसुद्धा बरोबरीने कमीजास्त होतात. म्हणजे तो काटा शरीराचा आहे, तो येणं म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा पुरावा नाही, कारण वानखेडेवर शेवटच्या ओव्हरलाही तो येतो. पण तेवढ्यावरून तो खोटा आहे असंही म्हणता येत नाही. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरसही शरीरानेच घेतो की आपण.

मग बँडमध्ये आणि भजनात फरक काहीच नाही का? आहे, आणि त्याच्याकडे दोन्ही पत्रलेखकांचं लक्ष गेलेलं नाही. भजनाला बसलेल्या प्रत्येकाच्या हातात टाळ असतात, नसले तर टाळी असते, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येतो, शेजारच्या बाईचा बेसूर आवाजही येतो. स्टेजवरच्या बँडचा आवाज इतका असतो की मी गातोय का नुसते ओठ हलवतोय हे मलाच कळत नाही, आणि हळूहळू माणूस ओठ हलवायचंही सोडतो, हात वर करून उभा राहतो आणि बघतो. बघणारा झाला की संपलं. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने १७६१ साली मंडळीला गाण्याचे सात नियम घालून दिले, त्यात सगळ्यांनी गावं, अर्धमेल्यासारखं नाही तर दणकून गावं, हे आहेच, पण दुसऱ्यांचा आवाज बुडेल असं ओरडू नये हेही आहे, आणि शेवटचा नियम असा की प्रत्येक शब्दाला नजर देवाकडे असावी. हे सात नियम कुणीतरी मोठ्या अक्षरात छापून साउंडवाल्याच्या मिक्सरवर चिकटवावेत.

शब्दांचं म्हणाल तर आपल्याकडे त्याचीही गंमत आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि परदेशातून आलेल्या या माणसाने छंद निवडला तो ज्ञानेश्वरांचा. त्याला कळलं होतं की इथल्या माणसाच्या काळजात शिरायचं तर दार कुठलं. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले त्यांनी बऱ्याचदा उलटं केलं, इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले. इंग्रजी गाणं आघातावर चालतं, कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर, आणि आपलं मराठी गाणं चालतं मात्रांवर, ऱ्हस्व-दीर्घावर. त्यामुळे त्या चालीत ‘प्रभू’मधला ‘प्र’ ताणला जायचा आणि ‘भू’ तोकडा पडायचा, लोक इमानाने गायचे पण कानाला ते कपडे उसने आणल्यासारखे वाटायचे. आमच्या नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि मग आले ना. वा. टिळक. १८६१ सालचा कोकणातला करजगावचा ब्राह्मण, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग, पदं, आरत्या अशी शंभराहून जास्त भक्तिगीतं लिहून गेला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आज मराठी मंडळीत उपासना संगीताचं पुस्तक उघडलं की टिळकांशिवाय पान हलत नाही. माझी आई चौथी शिकलेली, तिला बायबलमधले उतारे नीट सांगता यायचे नाहीत पण टिळकांची तीस-चाळीस गीतं सगळ्या कडव्यांसकट पाठ, भाकरी थापतानाही चालू असायची. ती धर्म शिकली तो प्रवचनातून नाही, चालीतून शिकली.

आणि भावनांचं म्हणाल तर दौंडजवळच्या केडगावला १९०५ साली काय झालं ते आठवा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्या वर्षीच्या जूनअखेरीस प्रार्थनेला बसलेल्या मुली एकदम रडायला लागल्या, पापं कबूल करायला लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, दिवसच्या दिवस. त्याच्या आदल्या वर्षी वेल्समध्ये असंच संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, सुरू झालं होतं, तिथे तर प्रवचन बाजूला राहून लोक गातच बसायचे, आणि त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर. केडगावच्या आरडाओरडीवर तेव्हाही टीका झालीच, हिस्टेरिया म्हणणारे निघाले. पण या मुली कोण होत्या हे तर बघा. दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, घरच्यांनी टाकलेल्या. त्यांच्या आयुष्यात त्याआधी त्यांना मोठ्याने रडायची परवानगी कुणी दिली होती? रमाबाई स्वतः पुराणिकाच्या घरच्या, लहानपणी आईबापांबरोबर गावोगाव फिरून पुराण सांगत मोठ्या झालेल्या, शिवाय विदुषी, संस्कृतच्या पंडिता, आवाजाने माणसं कशी हलतात ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती आणि त्या कशालाही भुलणाऱ्याही नव्हत्या. त्यांनी ते थांबवलं नाही. इथल्या माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे व्यक्त होऊ द्या, त्यांना पाश्चात्त्य साच्यात बसवू नका, असाच त्यांचा कल होता. मी केडगावला दोन-तीनदा गेलोय, आता शांत असतं, झाडं खूप आहेत. तिथे उभं राहिलं की मला नेहमी वाटतं की या आवारात एवढ्या पोरी एकदम रडल्या तो आवाज कसा असेल.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढा कागद खाल्ला.

भावना नको म्हणणारे चुकतात, पण भावना पाहिजे म्हणणारे तरी कुठली भावना आणतात? एकच. आनंद. गाण्यामागून गाणं विजय, आनंद, जय, नाच, तू महान, मी धन्य. बायबलमधली १५० स्तोत्रं मोजा, त्यातली साधारण तिसरा हिस्सा विलापाची आहेत. हे परमेश्वरा, कुठवर? तू मला कायमचा विसरलास का? हे स्तोत्र १३. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, वीणा झाडांना टांगून ठेवल्या, हे १३७. आणि ८८ वं तर असं आहे की त्यात शेवटीसुद्धा उजेड पडत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी कुणीतरी ते गाण्यासाठी म्हणून जपून ठेवलं, वरती गायकवर्गाचं नावही लिहिलंय. विलापगीत नावाचं एक अख्खं पुस्तक आहे. येशूने वधस्तंभावर शेवटी जे ओरडून म्हटलं, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे मरतानाही त्याच्या तोंडी विलापाचंच गाणं आलं. आणि आदल्या रात्री पकडला जाण्याआधी शिष्यांबरोबर एक स्तोत्र गाऊनच तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला असं मत्तयाने लिहिलंय. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना तो गायला. त्या गाण्यात कुठलाही वर्शिप लीडर चेहऱ्यावर स्माइल आणा म्हणाला असेल असं मला वाटत नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई गेली, कोरोनातच गेली. आमच्या गावाकडे मातीला कायम दोन पेट्या असायच्या, एक खांद्यावर आणि एक गळ्यात पट्टा घालून वाजवायची. घरापासून कबरस्तानापर्यंत भजन, बाया मागून गात यायच्या, कबरीत माती पडेपर्यंत गाणं थांबायचं नाही, मीच कित्येकांच्या मातीला वाजवलंय. त्या दिवशी एकच पेटी होती. आम्ही पाच जण, अंगात ते प्लॅस्टिकचे पांढरे कपडे, पाळकसाहेब लांब उभे राहून मास्कमधून दोन वचनं वाचून मोकळे झाले, त्यांचाही नाइलाज होता, त्यांना त्या दिवशी अजून दोन होत्या. जिने मला तीस-चाळीस गीतं दिली तिच्या मातीला एक ओळ गायली गेली नाही. मी गुणगुणायला गेलो तर मास्कच्या आत श्वास कोंडला.

मग काही महिन्यांनी चर्च उघडलं. मी आमचं नेहमीचं सोडून त्या रविवारी मुलाच्या आग्रहाने तो जातो त्या मोठ्या चर्चमध्ये गेलो, नाव घेत नाही. हॉल भरलेला, त्यात किती जणांच्या घरचं माणूस गेलं असेल हिशोबच नाही, अर्ध्या लोकांच्या डोळ्यांतच दिसत होतं. आणि बँडने सुरुवात केली ती नाचायच्या गाण्याने. पहिलं झालं, दुसरं तसंच, तिसरं तसंच, आणि मधे तो मुलगा माइकवर म्हणाला की आज कुणीही उदास चेहऱ्याने उभं राहायचं नाही, दुःख बाहेर ठेवून या. वाईट मनाचा नव्हता बिचारा, त्याला तसंच शिकवलेलं. मी बाहेर आलो आणि चपलांच्या रॅकशेजारी पायरीवर बसलो. दुःख बाहेर ठेवायचं म्हणाला ना, म्हणून दुःखाबरोबर मीही बाहेर. तिथे आधीच एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. आत ड्रम चालू होता, पायरी हलत होती.

त्या बाबतीत कॅथलिक लोकांकडे अजून काहीतरी शिल्लक आहे असं मला वाटतं. माझा कंपनीतला मित्र मडगावचा, त्याच्याबरोबर मी एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोव्याला गेलो होतो. तिथे त्या दिवसांत मोटेट नावाची भक्तिगीतं गातात, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने, इतकं हळू आणि इतकं दुःखी की भाषा कळली नाही तरी छातीत काहीतरी तुटतं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून शतकानुशतकं पोरांना सूर वाचायला शिकवलं, त्यातलेच वादक पुढे मुंबईच्या फिल्म लाइनीत गेले, ती गोष्ट वेगळी. पण मला लक्षात राहिलं ते हे की पवित्र गुरुवारनंतर चर्चची घंटा वाजत नाही, तिच्याऐवजी लाकडाचा एक खटखटा वाजवतात, माट्राका. कोरडा, कर्कश, लाकडावर लाकूड. ईस्टरच्या रात्री घंटा परत वाजते. म्हणजे त्यांनी दुःखासाठी एक वेगळं वाद्यच ठेवलंय, आणि आनंदाला दोन दिवस गप्प बसायला लावलंय. मला त्या खटखट्याचा हेवा वाटला. आमच्याकडेही गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात संदेश होतात, पण आता काही ठिकाणी सातव्या उद्गारानंतर लगेच पुनरुत्थानाचं गाणं लावतात. अरे, थांबा की रविवारपर्यंत! त्याला कबरेत तरी जाऊ द्या.

आणि हे फक्त बँडवाल्यांना नाही म्हणत. आमच्या जुन्या वळणाच्या मंडळ्यांत तरी काय, चार गीतं, पुस्तकातला नंबर पुकारायचा, वेळ कमी म्हणून पहिलं आणि शेवटचं कडवं. टिळकांच्या गीतातली दुःखाची कडवी नेमकी मधे असतात! आपण दर रविवारी तीच गाळतो. नव्या पिढीने दुःख गाळलं ते आवाजात बुडवून, आपण गाळलं ते घड्याळ बघून. तेव्हा त्या ज्येष्ठ वाचकांनाही माझं सांगणं आहे की ड्रमवर राग काढण्याआधी तुमच्या मंडळीत शेवटचं कुणी उघडपणे कधी रडलं ते आठवून बघा, आणि रडल्यावर लोकांनी पाणी आणून दिलं की मान वळवली तेही.

आमच्याकडे आता असं चालू केलंय. महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बसतो, सतरंजी टाकून, दहा-पंधरा जण असतो, कधी कमी. माइक नाही. विलापाचं एक स्तोत्र वाचायचं, मग भजनं, सगळी कडवी, कुणाला थांबावंसं वाटलं तर थांबायचं, गप्प बसायचं, परत कुणीतरी उचलेपर्यंत. सुरुवातीला म्हातारे-म्हाताऱ्याच यायच्या. दोन महिन्यांपूर्वी आमच्या बँडमधला ड्रमवाला आला, २२ वर्षांचा पोरगा, त्याचे वडील २०२१ लाच गेले हे मला तोवर माहीत नव्हतं, इतकी वर्षं एका चर्चमध्ये वाजवतोय आम्ही आणि माहीत नव्हतं. तो काठ्या घेऊनच आला होता सवयीने, त्या त्याने सतरंजीखाली सरकवल्या आणि टाळ उचलले. १३ वं स्तोत्र मी अभंगाच्या चालीत बसवलंय, संथ, काळी दोनच्या पट्टीत, ते गाताना ‘कुठवर’ या शब्दावर तो थांबला, टाळ हातातच राहिले. बाकीच्यांनी ती ओळ धरून ठेवली, परत परत, तो परत येईपर्यंत. किती वेळ गेला मी मोजलं नाही. शेवटी त्याने टाळ वाजवले ते चुकीच्या मात्रेवर, आणि आम्ही सगळे त्याच्या मात्रेवर गेलो.

पुढच्या शुक्रवारी त्या तरुण वाचकाला आणि त्या ज्येष्ठांना दोघांनाही यायचं असेल तर या, संध्याकाळी सात वाजता. माझ्या पेटीचा मधला ‘सा’ दाबला की चिकटून बसतोय म्हणून दुरुस्तीला टाकलीय, कारागीर आज देतो उद्या देतो करतोय. नाही आली तर टाळांवरच बसू.

आपला,
एक पेटीवाला, पिंपरी
(नाव छापू नये ही विनंती)